शेषगिरींच्या वाटेतली गाडी

"एथं वंडी नको लावूंस, क्षमे. अकराला हे येतात जेवावयास."

विद्यालक्ष्मीमामींनी हे सांगितलं तेव्हा क्षमा नव्या गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबं ठेवत होती, तिच्या कडेवर दोन वर्षांची ऊर्मी होती आणि ऊर्मीच्या तोंडात पाचवं लिंबू होतं. अशा वेळी शेजारणीचं बोलणं माणूस मान हलवण्यापुरतंच ऐकतं. वंडी म्हणजे गाडी, एवढं तमिळ क्षमाला चेन्नईच्या अंबत्तूरला आल्यापासून येऊ लागलं होतं. 'हे' म्हणजे मामींचे यजमान शेषगिरी, हेही तिला ठाऊक होतं. आणि शेषगिरींना जाऊन चार वर्षं झाली होती, हे तर मामींच्या दिवाणखान्यातल्या हार घातलेल्या फोटोवरून कुणालाही कळलं असतं. मामींचं वय झालं, एवढीच तिने मनाशी नोंद केली, "बरं मामी" म्हणाली आणि लिंबू ओढून काढण्याच्या कामाला लागली.

एरवी क्षमा अशी निष्काळजी नव्हे. तिची काळजी ही बघण्यासारखी गोष्ट होती. ऊर्मीला पाळणाघरात ठेवून पाहिलं तेव्हा ती चार दिवस बँकेत न जाता समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून पाळणाघराचं फाटक बघत होती. पाचव्या दिवशी दुकानदाराने तिला स्टूल दिलं, तेव्हा तिचं तिलाच वाईट वाटलं. मग तळमजल्यावरच्या मामी म्हणाल्या, पोर मजकडे ठेव की. मामी तंजावरकडच्या. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडून तीनेकशे वर्षं झाली असतील, पण मराठी सोडलं नव्हतं. ते मराठी ऐकताना जुना मोडी कागद सांबार-भात खाऊन आपल्याशी गप्पा मारतोय असं वाटे. मुलगा प्राणेश अमेरिकेत, घरात दुसरं कोणी नाही. तेव्हापासून साडेनऊ ते सहा ऊर्मी मामींकडे आणि क्षमा टी. नगरच्या शाखेत, काउंटरवर. दिवसातून तीनदा फोन. मामी नसत्या तर क्षमाची नोकरी नसती, आणि नोकरी नसती तर गाडीही नसती. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

गाडी गडद निळी होती. एवढ्या गडद निळ्या रंगावर काय काय दिसतं हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पहिल्याच रविवारी, बरोबर अकरा वाजता, मामी मागच्या दाराने बाहेर आल्या. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर मूठभर वरण-भात. तो त्यांनी आवाराच्या भिंतीवर ठेवला, "का, का" अशी हाक घातली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. चार कावळे आले. त्यातला एक डाव्या पायाने लंगडत होता. "आले बघ," मामी म्हणाल्या. "गुडघा तेव्हाही धरलेलाच होता." लंगड्याने आधी खाल्लं, मग बाकीच्यांनी. मामी समाधानाने आत गेल्या आणि जेवायला बसल्या. कावळ्याने शिवल्याशिवाय त्या अन्नाला हात लावत नसत. चेन्नईत घरोघरी हे चालतं, नवल काही नाही. जेवून झाल्यावर लंगडा भिंतीवरून खाली उतरला आणि गाडीच्या बॉनेटवर बसून शांतपणे पचन करू लागला.

पचनाचा परिणाम संध्याकाळी दिसला. चेन्नईच्या एप्रिलमध्ये बॉनेट इतकं तापतं की त्यावर डोसा होईल. पडलेली घाण तिथेच शिजते, रंगात उतरते, आणि पुसून काढली तरी तिचा नकाशा मागे राहतो. क्षमाचा नवरा संकेत जवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात तपासणी खात्यात होता. त्याने भिंग लावून तो नकाशा पाहिला, एक वही केली, आणि त्यात तारीख, वेळ, जागा आणि व्यास असे रकाने आखले. आठवड्याभरात वहीची दोन पानं भरली.

आता कोणीही म्हणेल, गाडी हलवा. क्षमाही तेच म्हणाली. पण इमारतीत गाडीची जागा पोंगलनंतर चिठ्ठ्या टाकून ठरते आणि पुढल्या पोंगलपर्यंत ती देवाने दिल्यासारखी असते. असोसिएशनचे सचिव पद्मनाभन दुसऱ्या मजल्यावर राहत. रेल्वेतून निवृत्त झाले होते, पण रेल्वे त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी अर्ज दोन प्रतींत मागितला. कारण काय, असा रकाना होता. संकेतने लिहिलं, पक्ष्यांचा उपद्रव. पद्मनाभन यांनी विचारलं, कोणते पक्षी. संकेतने तोंडी सांगितलं. पद्मनाभन यांनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं की शेषगिरी या असोसिएशनचे संस्थापक सदस्य होते, तेव्हा त्यांच्याविरुद्ध अर्ज घेणं त्यांना जमणार नाही.

मामींनाच सांगावं, हा दुसरा उपाय. संकेत म्हणाला, तू सांग. क्षमा म्हणाली, गाडी तुझी हौस, तू सांग. तुमचे दिवंगत यजमान आमच्या गाडीवर घाण करतात हे वाक्य कोणत्याही भाषेत नीट बसेना. आणि सांगितल्यावर मामी दुखावल्या, तर सोमवारी ऊर्मीला कुठे ठेवायचं? क्षमाला झेरॉक्सच्या दुकानातलं ते स्टूल डोळ्यांसमोर दिसलं. विषय तिथेच संपला.

त्यातच दर रविवारी सांगलीहून सासऱ्यांचा फोन. कृष्णकांतरावांची स्कूटर सत्तावीस वर्षांची होती आणि तिच्यावर एक ओरखडा नव्हता. पाहुण्यांना ते आधी स्कूटर दाखवत, मग पाणी विचारत. ते फोनवर पहिल्यांदा म्हणत, "रंग कसा आहे?" ऊर्मी कशी आहे हे तिसऱ्या प्रश्नात येई. संकेत म्हणे, "छान आहे बाबा." आईवडिलांना खोटं सांगायचं त्याच्या जिवावर येई, म्हणून तो हे वाक्य गाडीकडे पाठ करून बोले.

सासऱ्यांनी गाडी पुसायला म्हणून स्वतःचे अकरा जुने बनियन धुऊन, घड्या घालून पार्सलने पाठवले. दुकानातलं फडकं रंग खातं, असं त्यांचं मत होतं. त्या अकरात एक बंडी मिसळली होती आणि बंडीला पुढे टिच-बटण होतं. संकेतने पित्याच्या मायेने बॉनेटवर पहिला हात फिरवला तेव्हा बटण आतल्या बाजूला होतं. एक लांब, सुरेख कमान उमटली. संकेत तिच्याकडे पाहत इतका वेळ उभा राहिला, की इस्त्रीवाल्याला वाटलं याला ऊन लागलं, आणि त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

कमान घालवायला रबिंग कंपाउंड आणलं. ते डबीतल्या दंतमंजनासारखं असतं आणि कामही तेच करतं, म्हणजे वरचा थर घासून काढतं. ते सावलीत लावायचं असतं. आवारात सावली फक्त भिंतीखाली, आणि भिंतीखाली अकरा वाजता कोण येतं हे आपण जाणतोच. म्हणून संकेतने गाडी उन्हात ओढली आणि गोल गोल घासलं. कंपाउंड जागेवर वाळलं. कमान गेली, पण संध्याकाळी दिवे लागले तेव्हा सबंध बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं. एका ओरखड्याच्या जागी हजार झाले होते, आणि सगळे व्यवस्थित गोल. हे धुवायला पाइप लावला तर पद्मनाभन जिन्यावरून उतरले. पाण्याची टंचाई लक्षात घेता दर गाडीस आठवड्याला एक बादली, असा ठराव होता. त्यांनी ठरावाची प्रत वायपरखाली लावली.

मग वॅक्स. वॅक्स लावून लगेच वर आवरण घालायचं, म्हणजे कावळ्याचा बापही काही करू शकणार नाही, असं संकेतने ठरवलं. त्याने चंदेरी आवरण आणलं. वॅक्स अजून ओलं होतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि दुपारच्या उन्हाने उरलेलं काम केलं. चार दिवसांनी आवरण ओढलं तर ते अंगाला चिकटलेल्या पट्टीसारखं आवाज करत निघालं. बॉनेटवर, टपावर, चारी दारांवर कापडाची वीण छापली गेली होती. गाडी जवळून पाहिली तर हातमागाची दिसे. त्या रविवारी फोनवर संकेत म्हणाला, "बाबा, रंगाला एक वेगळाच पोत आलाय." पलीकडून कृष्णकांतराव म्हणाले, "आम्ही येतो. पुढच्या गुरुवारी पोचतो. तिकिटं काढतो आहे."

इथे क्षमाने रजा घेतली. सोमवारपासून आठवडाभर. बँकेत कारण लिहिलं, सासूसासरे येणार. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि सही केली.

न्याय करायचा तर पद्मनाभन यांनाही श्रेय दिलं पाहिजे. ओरगडमकडे तेव्हा मोटारींचे कारखाने उभे राहत होते आणि त्यांचा पुतण्या तिथल्या एकात रंगखात्यात लागला होता. शनिवारी त्यांनी पुतण्याला फोन लावून दिला आणि स्वतः खास सवलत म्हणून दुसरी बादली मंजूर केली. पुतण्याने सांगितलं ते इतकं सोपं होतं, की संकेतला ते ऐकताना त्रास झाला. सूर्य उगवायच्या आत काम करा, पत्रा थंड असू द्या, घाई करू नका, थोडंसंच लावा, गोल नको, सरळ रेषेत फिरवा, आणि पुरतं वाळू द्या. रविवारी पहाटे दोघं खाली उतरले. नऊ वाजता गाडी अशी दिसत होती, की ऊर्मी तिच्यात स्वतःला बघून हसली आणि दुसऱ्या मुलीला बिस्कीट देऊ लागली.

आता फक्त ती चार दिवस तशीच राहायला हवी होती. इमारतीच्या गच्चीवरून आवार दिसतं. क्षमाच्या डोक्यात आलं, मामींना काही सांगायला नको, भिंतीवरचं पान हलवायला नको. कावळ्यांना अकराच्या आधीच दुसरीकडे जेवू घातलं तर? पोट भरल्यावर कोण खाली उतरतंय. तिला हा बेत निरुपद्रवी वाटला. मोठमोठी संकटं अशीच दिसायला निरुपद्रवी असतात, आणि जिना चढताना तर फारच.

सोमवारी पावणेअकराला ती गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीचं झाकण उलटं ठेवून त्यावर भाताची मूद, त्यावर वरण, आणि वर सांगलीच्या घरचं कणीदार तूप. पैपाहुण्यालाही ती एवढं वाढत नसे. चारही कावळे डिश अँटेनावर येऊन बसले. लंगडा मधोमध. त्यांनी मुदीकडे पाहिलं, क्षमाकडे पाहिलं, आणि कोणी हललं नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. आता इथे तमिळ बाई असती तर तिने "का, का" हाक मारली असती आणि काम झालं असतं. त्यांच्याकडे कावळ्याचं रोजचं येणंजाणं असतं. पण क्षमा आपल्याकडची. आपल्याकडे भाताची मूद, समोर कावळा, आणि कावळा शिवत नाही, हे माणूस आयुष्यात दोनचारदाच बघतो, आणि ते कुठे बघतो ते सांगायला नको. क्षमाला आजोबांचा दहावा आठवला. कृष्णेच्या घाटावर दीड तास सगळे उभे होते. शेवटी मोठे काका पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, धाकटीचं लग्न मी करून देतो, काळजी करू नका. कावळा झडप घालून शिवला होता. गेलेल्याचा जीव ज्यात अडकला असेल त्याचं वचन दिल्याशिवाय कावळा शिवत नाही, हे तिच्या हाडात होतं. बी. कॉम. आणि बँकेच्या दोन परीक्षा त्या हाडापर्यंत पोचल्या नव्हत्या.

तिने आजूबाजूला पाहिलं. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांखेरीज कोणी नव्हतं. तिने पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि लंगड्याकडे बघून म्हणाली, "शेषगिरीकाका, मामींकडे मी बघेन. त्यांना एकटं पडू देणार नाही. तुम्ही तेवढं गाडीवर नका बसू."

लंगडा उडी मारून उतरला आणि मुदीला शिवला.

क्षमाच्या अंगावर काटा आला. मग तिला हसू आलं. मग ती खाली जाऊन गाडी बघून आली. गाडी आरशासारखी होती. मंगळवारी, बुधवारी तसंच झालं. संकेतच्या वहीत 'निरंक' असा शेरा पडला आणि त्याने तो लाल शाईने अधोरेखित केला. रजा असली तरी वास, पावडर, पॉलिशचे डबे यांपासून लांब म्हणून ऊर्मीला सकाळी मामींकडेच ठेवत. बुधवारी दुपारी ऊर्मी घरी आली आणि म्हणाली, "काका नाही. मामी मम्म नाही." क्षमाने त्याचा अर्थ असा घेतला की मामींनी ऊर्मीला भरवलं नाही, आणि तिला थोडा रागच आला. तिने ऊर्मीचं पोट चाचपून पाहिलं. ते भरलेलं होतं. मग तिने विषय सोडून दिला. सारा जन्म बारीकसारीक बघण्यात घालवलेल्या बाईने नेमकी तीच गोष्ट सोडून द्यावी, याला काय म्हणावं?

गुरुवारी बाराच्या सुमाराला सासूसासरे येणार होते. त्यांना आणायला संकेत रिक्षाने गेला. स्टेशनवर गाडी नेली तर धूळ बसेल, म्हणून. ज्या माणसांना दाखवायला गाडी तकतकीत केली त्यांना ऑटोरिक्षात ट्रंकेसकट कोंबून आणायचं, यात त्याला वावगं काही दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर क्षमालाही दिसलं नाही. तिने साडेदहालाच गच्चीवर मूद ठेवली, दुप्पट तुपाची, आणि साडेअकराला ऊर्मीला आणायला मामींकडे गेली.

मागच्या दाराच्या पायरीवर मामी बसल्या होत्या, भिंतीला डोकं टेकून. तोंडाला घाम होता. मांडीवर ऊर्मी, आणि ऊर्मी रिकाम्या मुठीने त्यांना भरवत होती. "घे मामी, घे." भिंतीवर पानाचा तुकडा होता, त्यावरचा भात वाळून दाणा दाणा झाला होता. शेजारी कालचं पान. त्याच्या शेजारी परवाचं.

"ते रुसले गं क्षमे," मामी म्हणाल्या. "चार दिवस झाले. आले नाहींत. कोणता अपराध झाला कळना."

क्षमाने विचारलं तेव्हा कळलं. चार दिवस मामींच्या पोटात कॉफीखेरीज काही नव्हतं. मधुमेहाची गोळी मात्र त्या रोज सकाळी नेमाने घेत होत्या, कारण डॉक्टरांनी चुकवायची नाही असं बजावलं होतं. आणि अशा बाईच्या मांडीवर क्षमाने चार सकाळी आपली मुलगी ठेवली होती. तिने धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं. मामींनी हाताने पेला बाजूला सारला. ते जेवल्याशिवाय नाही. बत्तीस वर्षं आधी ते, मग मी. आता कशाला बदलायचं?

क्षमा वर पळाली, भात आणला, भिंतीवर ठेवला, आणि जी हाक तिने कधी मारली नव्हती ती मारू लागली. "का, का." कावळे आले. आले आणि भिंतीवर ओळीने बसले, पोटं टम्म, चोची तुपकट. लग्नाच्या दुसऱ्या पंगतीला आग्रह झालेल्या माणसासारखे ते भाताकडे बघत होते. लंगड्याने तर मान पंखात घातली.

त्याच वेळी रिक्षा फाटकातून आत आली. कृष्णकांतराव उतरले, ते थेट गाडीकडे. सासूबाई जयवंती ट्रंकेखालून बाहेर पडायच्या होत्या, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कृष्णकांतराव बॉनेटवर वाकले, चष्मा वर केला, डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला केलं. मग सत्तावीस वर्षांत स्वतःच्या स्कूटरखेरीज कशालाही न दिलेला शब्द त्यांनी दिला. "आरसा केलास रे, संकेत." संकेतचे डोळे भरून आले.

आरसा झाल्याचं लंगड्यालाही दिसलं. त्याने मान बाहेर काढली, खाली बॉनेटमध्ये दुसरा कावळा पाहिला, आणि तो तीरासारखा त्याच्यावर उतरला. नख्या रोवून त्याने त्या दुसऱ्याला टोचा मारायला सुरुवात केली. टक, टक, टक. कृष्णकांतरावांनी हातातली पिशवी उगारली.

"बाबा, हाकलू नका!" क्षमा ओरडली. "ते शेषगिरीकाका आहेत."

कृष्णकांतरावांचा हात पिशवीसकट वरच राहिला. सासऱ्यांवर आवाज चढवायची ही तिची पहिली वेळ, आणि पुढचं तर त्याहून वाईट होतं. तिने भिंतीवरचं पान उचललं, घरातून तुपाची वाटी आणली, आणि सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या आणि रिक्षावाल्याच्या देखत तूप घातलेला भात बॉनेटच्या मध्यावर, त्या आरशात ठेवला. लंगड्याने टोचा मारायचं थांबवलं. त्याच्या समोरच्या कावळ्यालाही तेवढाच भात वाढलेला होता. तो खाईल या धास्तीने असेल, पण लंगड्याने घाईघाईने चोच घातली. एक घास. दुसरा. तूप निळ्या रंगावरून हळूहळू दिव्याकडे ओघळलं. कृष्णकांतरावांनी पिशवी खाली ठेवली आणि, काय वाटलं कोण जाणे, हात जोडले. पायरीवर मामींनी साखरेचा पेला तोंडाला लावला.

दुपारी मामींनी तीन वेळा भात घेतला आणि त्यांना जरा तरतरी आली, तेव्हा क्षमाने त्यांच्यापाशी बसून सगळं सांगितलं. गच्ची, मूद, तूप, वचन. सांगताना तिला ऊर्मीचे कपडे, खेळणी, दुधाची बाटली, सगळं पिशवीत भरून परत देणाऱ्या मामी दिसत होत्या. मामींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तूप घातलंस?"

"हो मामी."

"म्हणून. हार्टाला म्हणून डॉक्टरांनी बंद केलं होतं. मीही घालीत नसें, गेल्यावरही. चार वर्षं कोरडा भात वाढला त्यांस." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "आतां कसलं पथ्य, म्हणून मज सुचलंच नाही बघ." आणि ऊर्मीला जवळ ओढून म्हणाल्या, "उद्यां साडेनवाला आणून सोड."

शेवट इथे झाला असता तर बरं झालं असतं. पण लंगड्याला बॉनेटची सवय लागली. भिंतीवर पान ठेवलं तर तो ढुंकूनही बघेना. दुसऱ्या कावळ्यासमोर जेवण्यात त्याला काय चव लागली होती देव जाणे. मामींनी संकोचत विचारलं, अकरापर्यंत वंडी एथंच राहील असं होईल कां? तेव्हापासून संकेत रिक्षाने कारखान्यात आणि क्षमा लोकलने बँकेत जाऊ लागली. गाडी घरी थांबून ताटाचं काम करी. कृष्णकांतराव मुक्कामी होते तोवर रोज पहाटे खाली उतरून बॉनेट घासत. आरसा अंधुक झाला तर कावळा जेवायचा नाही, असं त्यांनी संकेतला बजावलं. संकेतच्या वहीत एक रकाना वाढला. तुपाचा.

हे दीड वर्ष चाललं. मग संकेतच्या बदलीचा हुकूम आला, जबलपूरला. क्षमाने हुकूम वाचला आणि पहिल्यांदा तिला आठवलं ते टाकीचं उलटं झाकण. कावळा शिवला होता. शिवल्यानंतर वचन मागे घेण्याची सोय आपल्याकडे नाही, आणि बँकेत करतात तसा खातेबदलही होत नाही. तिने मामींना बरोबर चला म्हटलं. मामी म्हणाल्या, मी आल्यें तर हे कोठें शोधतील?

जायच्या आदल्या रविवारी संकेत अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागच्या भंगारबाजारात गेला आणि एक जुनं बॉनेट घेऊन आला, निळ्याच्या जवळपासच्या रंगाचं. ते त्याने भिंतीलगत विटांवर आडवं बसवलं. पहाटे, पत्रा थंड असताना, उरलेलं सगळं पॉलिश लावून, सरळ रेषेत, घाई न करता त्याने ते घासलं. एवढं निर्दोष काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. अकरा वाजता लंगडा आला, वाकून आत पाहिलं, ओळख पटली, जेवला. पद्मनाभन यांनी विना-इंजिन वाहन म्हणून त्याची नोंद करून घेतली आणि पोंगलच्या चिठ्ठ्यांतून ती जागा वगळली.

गाडी आता जबलपूरला आहे. बॉनेटवर नख्यांच्या चार रेघा आहेत, त्या कशानेही जात नाहीत, आणि आता कोणी घालवायला जातही नाही. क्षमा रोज सव्वाअकराला मामींना फोन करते. "जेवले का?" "जेवले की." एवढंच. पण गेले पाच दिवस फोन वाजतो आणि कोणी उचलत नाही. पद्मनाभन पुतण्याच्या लग्नाला गावी गेलेत, प्राणेशचा फोन अमेरिकेत नुसतं यंत्र उचलतं, आणि ऊर्मी विचारते, काका आले का.

म्हणून तुम्ही जर त्या बाजूला राहत असाल, किंवा काही कामाने जाणार असाल, तर एवढं करा. अंबत्तूर स्टेशनच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी पिवळी तीन मजली इमारत आहे. फाटकातून आत डाव्या हाताला भिंतीलगत एक निळं बॉनेट दिसेल, त्याच्याखाली गाडी नाही. तुमची गाडी तिथे लावू नका. अकरा वाजेपर्यंत थांबा. बॉनेटवर तूप घातलेला भात असला, तर काही न बोलता परत फिरलात तरी चालेल. पण कावळे ओळीने बसून हाका मारत असतील आणि बॉनेट कोरडं असेल, तर मागच्या दाराची घंटा वाजवा. जरा जास्त वेळ वाजवा, मामींना कमी ऐकू येतं. आणि दार उघडलं, तर सांगा की ऊर्मीच्या आईने पाठवलंय.